केळ्याचा राष्ट्रीय अन्नताळेबंद

केळ्याचा राष्ट्रीय अन्नताळेबंद : एखाद्या देशाला ठरावीक वर्षात केळ्याचा एकूण किती पुरवठा झाला आणि त्यांपैकी माणसांच्या खाण्यासाठी किती उरला, याचा अंकांत मांडलेला हिशेब. एका बाजूस देशातील उत्पादन, आयात व साठ्यातील फरक आणि दुसऱ्या बाजूस निर्यात, बियाणे, पशुखाद्य, प्रक्रिया, नासाडी व खाद्य हे विनियोग दाखवितात. खाद्य म्हणून उरलेल्या वजनास लोकसंख्येने भागले असता वार्षिक दरडोई पुरवठा मिळतो व त्यावरून दैनिक ग्रॅम आणि किलोकॅलरी काढतात. हा आकडा उपलब्धतेचा आहे, सेवनाचा नव्हे. कापणीपूर्वी बागेतच गेलेला माल त्यात मुळात धरला जात नाही. उलट, घरी आणलेले फळ काळे पडून फेकून दिले, तरी हिशेबात ते खाद्यच राहते.

अशा हिशेबाचे पहिले प्रयत्न पहिल्या महायुद्धाच्या काळात झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या देशांतील अन्नपुरवठ्याची तुलना याच रीतीने करण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९४९ मध्ये ताळेबंद तयार करण्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. २०१० पासूनच्या वर्षांचे ताळेबंद ही संघटना सुधारित पद्धतीने तयार करते. त्यामुळे जुन्या व नव्या माला सरळ जोडून दीर्घकालीन कल काढणे धोक्याचे असते.

ही पद्धती मुख्यतः धान्याच्या अनुषंगाने घडलेली आहे. धान्याचा हंगाम ठरलेला असतो, ते कोठारात साठविता येते व त्याचा काही भाग बियाण्यासाठी ठेवावा लागतो. केळीची लागवड मुनव्यांपासून, अलीकडे ऊतिसंवर्धित रोपांपासून, होते. पिकलेले फळ तर काही दिवसांपलीकडे टिकत नाही. साहजिकच बियाणे व साठा ही सदरे जवळजवळ रिकामी राहतात आणि ताळेबंदाचा सारा भार उत्पादन व नासाडी या दोनच आकड्यांवर पडतो. हे दोन्ही आकडे अंदाजाचे असतात. उत्पादन म्हणजे क्षेत्र, घडांची संख्या आणि घडाचे सरासरी वजन यांचा गुणाकार. मिश्र पिकांत क्षेत्र कोणाच्या नावे मांडावे, घड दांड्यासह तोलला की फण्या सोडवून, यांसारख्या बारीकसारीक बाबींनी तो बदलतो. एक्वादोर या देशाचे २०२० सालचे केळी-उत्पादन संघटनेच्या आकडेवारीत सुमारे ६० लाख टन व निर्यात सुमारे ७० लाख टन आहे. निर्यात बंदरावर मोजली जाते, उत्पादन शेतावर अजमावले जाते. दोहोंपैकी कोणत्या आकड्यावर अधिक विश्वास ठेवावा, हे उघड आहे.

भारत हा जगातील सर्वांत मोठा केळी-उत्पादक देश आहे. २०२० मध्ये जगात सुमारे १२ कोटी टन केळी पिकली. त्यांपैकी सुमारे ३.१५ कोटी टन, म्हणजे चौथा हिस्सा, भारतात पिकली. निर्यात उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आसपास असल्याने जवळजवळ सर्व माल देशातच राहिला. सुमारे १३९ कोटी लोकसंख्येस हे प्रमाण वर्षाला दरडोई २२ ते २३ किग्रॅ., म्हणजे दिवसाला सुमारे ६२ ग्रॅ. पडते. नासाडी १० टक्के मानल्यास ५६ ग्रॅ. व ३० टक्के मानल्यास ४३ ग्रॅ. उरतात. सालीचे वजन सुमारे एकतृतीयांश आणि गराचे ऊर्जामूल्य १०० ग्रॅ.ला सुमारे ९० किलोकॅलरी धरले, तर पहिल्या गृहीतकाने ३४ व दुसऱ्याने २६ किलोकॅलरी येतात. केवळ एका सदरातील गृहीतकाने उत्तर सुमारे चतुर्थांशाने बदलते.

अशा आकड्याची पडताळणी कुटुंबांच्या उपभोग-पाहणीवरून करता येते. परंतु राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चविषयक अनुसूचीत केळी वजनावर नव्हे, तर नगांत नोंदविली जातात. माणसे केळी डझनावर घेतात तेव्हा हे योग्यच होय. पण नगाचे वजन सर्वत्र सारखे नसते. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल भागातील ग्रँड नैन जातीचे एक केळे वेलची जातीच्या दोन-तीन केळ्यांच्या तोडीचे भरते. भाजीसाठी घेतलेले हिरवे केळे फळांत मोडत नाही. उपाहारगृहांत खाल्लेले व देवळात वाहिलेले केळे कुटुंबाच्या नोंदीत कितपत उतरते, हाही प्रश्नच असतो. म्हणून दोन्ही पाहण्यांचे आकडे जुळले नाहीत, तर त्यावरून लगेच त्यांपैकी एक खोटा ठरवू नये.

भारतात केळे हे जेवणाला जोड आहे. युगांडात ते जेवणच आहे. तेथील मध्य व पश्चिम भागांत पूर्व आफ्रिकी डोंगराळ गटातील हिरवी केळी सोलून, केळीच्या पानांत वाफवून व कुस्करून खातात. या पदार्थास आणि केळ्यासही ‘माटोके’ म्हणतात. काही जाती मद्यासाठीच राखलेल्या असतात. ताळेबंदात ‘केळी’ आणि ‘प्लँटेन व शिजवून खाण्याची केळी’ अशी दोन सदरे आहेत. माटोके आनुवंशिक दृष्ट्या प्लँटेन नव्हे, तरी युगांडाचे बहुतेक उत्पादन दुसऱ्या सदरात पडते आणि ही दोन्ही सदरे फळवर्गात येतात; कसावा मात्र कंदमुळांत मोडतो. परिणामी युगांडात फळांची रेलचेल असल्याचे दिसते. फळे व भाज्या मिळून दररोज ४०० ग्रॅ. खाव्यात, या पोषणविषयक शिफारशीत पिष्टमय कंद धरत नाहीत. भाकरीच्या जागी येणाऱ्या माटोकेलाही त्याच न्यायाने वगळून तेथील आकडे वाचावे लागतात.

मोजणीचा प्रश्न याहून गंभीर आहे. जुन्या पायाभूत आकड्यांवर वाढ धरीत गेल्याने युगांडाचे वार्षिक उत्पादन ९० लाख टनांहून अधिक मानले जात होते. २००८-०९ च्या कृषिगणनेत ते सुमारे ४३ लाख टन आढळले. लोकसंख्या सुमारे ३ कोटी धरल्यास दरडोई उत्पादन ३०० किग्रॅ.वरून १४३ किग्रॅ.वर आले. नासाडी व मद्यासाठी लागणारा माल वजा करण्यापूर्वी, पण साल वगळून, हा फरक माणशी दिवसाला सुमारे ३०० किलोकॅलरींचा होतो. इतके पीक बुडालेले नव्हते. मोजणी बदलली होती. संघटनेच्या नंतरच्या मालेत २०२० सालासाठी पुन्हा ७० लाख टनांहून अधिक उत्पादन दिलेले आहे.

याच काळात या पिकावर जीवाणूजन्य मर रोगाचे संकट आले. युगांडात तो २००१ मध्ये प्रथम आढळला. बागांतील पाहणीवरून टक्केवारीत नुकसान सांगता येते. परंतु त्याचे टनांत व किती माणसांचे अन्न गेले या हिशेबात रूपांतर करताना ९० लाख टन पायाभूत धरले की ४३ लाख, यावर उत्तर दुप्पट किंवा निम्मे होते.