हलू न देण्याची विद्या

श्रीवर्धनच्या किंवा नागावच्या पोफळीच्या वाडीत गेलात, तर खाली पडलेली एखादी विरी उचलून बघा. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा बुंध्याकडचा रुंद, चिवट भाग. झाडावर असताना तो खोडाला वेढून बसलेला असतो. आपण विरीचे द्रोण करतो, पत्रावळी करतो, आणि पोरं तिच्यावर बसून एकमेकांना वाडीभर ओढत नेतात. आता ती रुंदीत दाबा. सहज वळते, मनगटाभोवती गुंडाळायची म्हटलं तरी कुरकुरत नाही. लांबीत वाकवून बघा. वाकायचं नाव नाही! एकच पातळ आवरण, एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला ताठ. हे कसं काय?

घरबसल्या पडताळता येईल. वहीच्या कागदाची लांब पट्टी एका टोकाला धरा, ती लगेच मान टाकते. आता तीच पट्टी मधोमध किंचित खोलगट करून धरा. सरळ उभी राहिली ना? कागद तोच, जाडी तीच. फक्त बाक दिला आणि ताकद आली. विरीच्या ताठपणात तिच्या उभ्या धाग्यांचा वाटा आहेच, तसाच या बाकाचाही.

सॅम शाइनबर्ग नावाच्या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकाला हीच गोष्ट च्युइंग गमचा चंदेरी कागद बोटाभोवती गुंडाळताना सुचली. त्यातून 1980 च्या दशकात ‘सॅम स्प्लिंट’ आली. मऊ अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी, दोन्ही बाजूंना फोम. गुंडाळी करून खिशात मावते, हातानं वळते, आणि लांबीत बाक दिला की मोडलेला हात धरून ठेवण्याइतकी कडक होते. आज ती जगभरच्या रुग्णवाहिकांत आणि गिर्यारोहकांच्या पिशव्यांत असते. तिच्यामागची भूमिती आपल्या वाड्यांमध्ये रोज गळून पडते!

पण मोडलेल्या हाडाला ताठ आधार एवढा कशासाठी हवा?

आपण हाडाला खडूसारखं निर्जीव समजतो. प्रत्यक्षात त्याच्यातून सतत रक्त खेळत असतं आणि त्याच्यावर एक पातळ जिवंत वेष्टन असतं. त्या वेष्टनात वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंची दाटी आहे. हाड मोडतं तेव्हा हे वेष्टन फाटतं. मोडलेली टोकं धारदार असतात, आणि अगदी शेजारून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू गेलेले असतात. त्यात दुखतंय म्हणून आजूबाजूचे स्नायू आखडतात. स्नायू आखडले की टोकं सरकतात, टोकं सरकली की आणखी दुखतं, आणखी दुखलं की स्नायू आणखी आखडतात. हे चक्र तोडायला काय लागतं? एक काठी आणि दोन फडकी! आधार नीट बसला की गोळी न घेताही माणसाचा चेहरा सैल पडतो.

मात्र आधार किती लांब हवा, हे कळण्यासाठी एक छोटा प्रयोग करा. डाव्या हाताच्या पंजानं उजवा हात कोपराच्या जरा खाली घट्ट धरा आणि उजव्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवा. कोपराजवळ काहीतरी वळवळलं? बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच, त्यांतले मोठे तिकडे वर असतात. त्यांच्या लांबच लांब दोऱ्या मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. म्हणजे हाताचं हाड मधे मोडलं असेल, तर मनगट हललं तरी ते खेचलं जाणार आणि कोपर हललं तरी खेचलं जाणार. म्हणून जगभर शिकवला जाणारा नियम असा: मोडल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही जखडायचे.

आपल्या किनाऱ्यावर यासाठी लागणारं सामान हाताशीच असतं. बांबूच्या कामट्या आहेत, फळीचा तुकडा आहे, घडी घातलेलं वर्तमानपत्र आहे, विरी आहे. आत मऊ कपडा घालायचा, म्हणजे हाड जिथे कातडीजवळ येतं तिथे टोचणार नाही. हात गळ्यात अडकवायला त्रिकोणी फडकं लागतं, आणि कोळीदादांचा चौकोनी रुमाल कोपऱ्याला कोपरा जुळवून दुमडला की नेमका तोच त्रिकोण तयार होतो. बंदरावर बर्फाला तोटा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर कापड गुंडाळून तो पंधरा-वीस मिनिटं ठेवला की सूज आटोक्यात राहते. उघडा बर्फ कातडीवर ठेवायचा नाही.

आणि काहीच मिळालं नाही तर? मग तर मला सगळ्यात जास्त नवल वाटतं, कारण शरीर स्वतःच अचूक मापाची फळी घेऊन आलेलं असतं. मोडलेल्या बोटाला शेजारचं बोट. मोडलेल्या दंडाला छाती. मोडलेल्या पायाला दुसरा पाय! मधे उशी किंवा टॉवेल घालून दोन्ही पाय रुंद फडक्यांनी एकत्र बांधायचे. गाठी चांगल्या पायाच्या बाजूला, आणि मोडल्या जागेवर एकही फडकं नको.

हे सगळं आहे त्या स्थितीत करायचं. वाकडं दिसतंय म्हणून ओढून सरळ करायचं नाही, तेल लावून चोळायचं तर मुळीच नाही. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. स्वच्छ कापडानं झाका, रक्त वाहत असेल तर जखमेच्या कडेनं दाबून धरा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच काढा, कारण तासाभरात सूज त्यांचा फास करते. आणि आपल्याकडे पडलेल्या माणसाला आधी पाणी किंवा चहा पाजायची जी माया आहे, तिला इथे आवर घालावा लागतो. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची वेळ आली, तर पोट रिकामं असलेलं बरं.

बांधून झालं की त्या हाताच्या किंवा पायाच्या बोटाचं नख दाबा आणि सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. नाही झालं, बोटं गार पडली, मुंग्या आल्या, तर फडकी सैल करा. आवळलेल्या पट्टीखाली रक्त पोचलं नाही तर स्नायू काही तासांतच मरू लागतात. मोडलेलं हाड जुळून येतं, मेलेला स्नायू परत येत नाही.

ही घट्ट-सैलची पारख किती जुनी असेल? सुश्रुतसंहितेत ती आहे! पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर राहत नाही, फार आवळली तर सूज, वेदना आणि पू होतो, हे तिथे स्पष्ट सांगितलंय. आधारासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू सुचवलाय. पट्टी थंडीत सात दिवसांनी, मध्यम हवेत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलायची. मांडीसारख्या मोठ्या हाडासाठी तर रुग्णाला फळीवर निजवून पाच खुंट्यांनी जखडण्याची रीत दिली आहे, आणि त्या खुंट्या कुठे असाव्यात हेही. वरचा सांधा, खालचा सांधा!

मांडीचं हाड ही वेगळीच गंभीर गोष्ट आहे. ते मोडलं की बाहेर एक थेंबही न दिसता आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकतं, आणि मोठ्या माणसात एकूण रक्त असतं पाचेक लिटर. एवढं रक्त मावतं कुठे? इथे पुन्हा भूमिती येते. मांडीचे दणकट स्नायू आखडून मोडलेली टोकं एकमेकांवर चढवतात, मांडी आखूड आणि गोल होते. तेवढ्याच पृष्ठभागात लांबट आकारापेक्षा गोल आकारात जास्त मावतं. म्हणून गोल झालेली मांडी रक्ताला जागा करून देते. उलट पाय ताणून धरला तर ती जागा कमी होते.

हा ताण देणारी चौकट ब्रिटनमधल्या लिव्हरपूल बंदरात ह्यू ओवेन थॉमस या डॉक्टरांनी बनवली. त्यांच्या घराण्याची कथा आपल्या किनाऱ्यावर शोभावी अशी आहे. 1740 च्या दशकात वेल्सच्या अँगलसी बेटाशी जहाज फुटलं आणि एक परका मुलगा वाचला. त्याला तिथली भाषा येत नव्हती, पण हाडं बसवण्याचा हात होता. ह्यू ओवेन हे त्याचेच वंशज. ते 1891 मध्ये गेले. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांचे आप्त आणि शिष्य रॉबर्ट जोन्स यांनी ती चौकट रणांगणावर आणली. मांडी मोडलेल्या सैनिकांपैकी सुरुवातीला शंभरात ऐंशी दगावत, असं सांगितलं जातं. 1917 च्या आरासच्या लढाईत अशा 1009 जखमींमध्ये मृत्यूचं प्रमाण 15.6 टक्क्यांवर आलं. स्ट्रेचर उचलणाऱ्यांना ती डोळे बांधून लावायला शिकवलं जाई, कारण ती आघाडीवरच, अंधारातही, जखमीला हलवण्याआधी लावायची होती. पाय ताणण्याचं काम मात्र शिकलेल्या हातांचंच. आपण दोन पाय एकत्र बांधून थांबायचं.

‘हलवण्याआधी’ हा मुद्दा आपल्याला फार जवळचा आहे. माडावरून नारळ पाडणारा पाडेली पडतो, होडीच्या निसरड्या फळ्यांवर कुणाचा पाय सटकतो, रेवदंडा-मुरूड रस्त्यावर मोटारसायकल घसरते. तिथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत वळणं आणि खड्डे, आणि पुढे मुंबईला न्यायचं झालं तर वडखळमार्गे लांबचा रस्ता किंवा मांडव्याहून बोट. न बांधलेलं हाड प्रत्येक खड्डा नव्यानं मोडतो. म्हणून रिक्षात घालून पळण्याआधी बांधण्यात घातलेली दहा मिनिटं वाया गेलेली नसतात. 2014 पासून राज्यात 108 वर मोफत रुग्णवाहिका मिळते. एकानं फोन लावायचा, दुसऱ्यानं बांधायला घ्यायचं. झाडावरून पडलेल्याची मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर त्याला बसवूही नका. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि मदतीची वाट बघा. आणि पोलिसांच्या लफड्याची धास्ती नको: मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेलं कलम 134अ वाहन अपघातातल्या जखमीला सद्भावनेनं मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

हे सामान्य माणसाला जमेल का? 1970 च्या दशकात याच मांडव्याच्या परिसरात डॉ. नोशीर अंतिया यांनी गावातल्या फारसं न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेवेचं शिक्षण दिलं. जे. जे. रुग्णालयातला नामवंत प्लास्टिक सर्जन या बायकांवर विश्वास टाकतो आणि त्या तो सार्थ करतात, हे याच मातीत घडलंय.

आणि गाडी अलिबागच्या वाटेवर असतानाच आत दुरुस्ती सुरू झालेली असते. मोडल्या जागी साचलेलं रक्त गोठतं आणि त्या गुठळीत दुरुस्तीच्या पेशी जमू लागतात. दोन-तीन आठवड्यांत टोकांमध्ये मऊ कूर्चेचा पूल, मग त्याचं कठीण हाड. सुरुवातीला तो सांधा जाडजूड असतो. पुढे महिनोन्‌महिने एक प्रकारच्या पेशी जास्तीचं हाड कोरून काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या, जिथे भार पडतो तिथे, नवं भरतात. कातडीच्या जखमेचा व्रण राहतो. हाड मात्र हाडानंच भरून निघतं, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर काही वर्षांनी एक्स-रे काढला, तरी ते कुठे मोडलं होतं हे अनेकदा डॉक्टरांनाही सापडत नाही.