आपोआप धावणारा धोटा

मागावर आडवा धागा नेणारा धोटा आपोआप धावून कापड विणू लागला, तर कारागिराला मदतनिसाची आणि धन्याला गुलामाची गरज उरणार नाही, असे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथात लिहिले. अशी अवजारे त्याला फक्त दंतकथांत ठाऊक होती. दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा इंग्लंडात जॉन के याने १७३३ मध्ये केला. एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट १७८५ मध्ये घेतले.

विसाव्या शतकात यंत्राने श्रम वाचवण्याचे हे स्वप्न दोन वाटांनी गेले. गांधीजींच्या पुढाकाराने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. यंत्र दीडशे रुपयांच्या आत मिळावे, वीस वर्षे टिकावे आणि खेड्यातल्या घरात चालावे, अशा अटी होत्या. भविष्यातले यंत्र कोणाच्या हाती असावे, याचा इतका नेमका विचार क्वचितच झाला असेल. बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही. दुसऱ्या वाटेने, १९३० मध्ये, अर्थतज्ज्ञ केन्सने भाकीत केले की, शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल.

मुंबईजवळच्या भिवंडीत आज धोटा खरोखरच आपोआप धावतो. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या ढासळल्या आणि येथील यंत्रमागांचा पसारा आणखी वाढला. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो. आडवा धागा तुटला की माग स्वतः थांबतो. पण धोट्यातली धाग्याची कांडी काही मिनिटांत संपते. ती बदलायला माणूसच लागतो. उभा धागा तुटला, तर तो हेरून गाठ मारायलाही माणूसच. कांडी आपोआप बदलणारा नॉर्थ्रॉप माग अमेरिकेत १८९० च्या दशकातच आला होता, आता तर धोट्याविना चालणारे रॅपिअर आणि एअरजेट मागही आहेत. ते महाग पडतात, म्हणून जुने साधे माग अजून खडखडत आहेत.

ॲरिस्टॉटलला धोट्याची गती दिसली, यंत्राची मालकी दिसली नाही. वाचलेले श्रम कारागिराच्या विश्रांतीला आले नाहीत. भिवंडीत एका माणसाकडे चार, सहा, आठ माग आले. मजुरी कापडाच्या मीटरवर आणि पाळी बारा तासांची. सहा दिवसांचे हे बहात्तर तास होतात, केन्सच्या भाकिताच्या जवळजवळ पाचपट.