आमराईची नित्य राखण

झाडें कशीं लावावीं हें सांगणारे लेख या मासिकांत व अन्यत्र पुष्कळ येतात. लावलेलीं, किंवा वाडवडिलांकडून आयतीं आलेलीं झाडें कशीं राखावीं याविषयीं मात्र फारसें कोणी लिहीत नाहीं. त्याचें कारण उघड आहे. लावणीचा दिवस एक असतो व तो समारंभाचा असतो. राखणीचे दिवस वर्षांत तीनशें पांसष्ट, आणि त्यांत हारतुऱ्यांचा एकही नाहीं. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों, आणि तेव्हांपासून गांवच्या तलावाकाठच्या राईची देखरेख आमच्याकडे आली. त्या कामांत जें पाहिलें व केलें तें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

भंडारा जिल्हा झाडीपट्टींत मोडतो, आणि येथील जुन्या गांवांची घडण बहुतेक एकसारखी आहे. वर तलाव, खालीं धानाच्या बांध्या, आणि पाळीच्या पायथ्याशीं राई. हे तलाव बहुतांशीं कोहळी मंडळींच्या हातचे. पूर्व विदर्भांत ते सहा हजारांहून अधिक आहेत, आणि १९५१ सालीं मालगुजारी गेली तरी त्यांस मालगुजारी तलाव, थोडक्यांत मामा तलाव, हेंच नांव राहिलें आहे. पाळ, तुडुम व सलांग यांची डागडुजी कोणीं करावी याची निदान चर्चा तरी होते. राईचा प्रश्न कोणी काढीत नाहीं. आमच्या राईंत आज चौसष्ट झाडें उभीं आहेत. त्यांत एकेचाळीस आंबे, सर्व रायवळ; बाकीचीं मोह, जांभूळ, चिंच, बेहडा, अर्जुन, व एक जुनाट कवठ. आंब्यांस माणसांसारखीं नांवें आहेत. शेंद्र्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोट्या, केळ्या, आणि ज्याचें फळ पिकून कांहीं कामाचें नाहीं पण बरणींत वर्षभर कडक राहतें तो लोणच्या.

असें नांवाचें झाड एकच असतें, ही गोष्ट येथें ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडील रायवळ आंब्याची कोय पेरली म्हणजे उगवतें तें दुसरेंच झाड. आईचा गुण त्यांत येईलच असा भरंवसा नाहीं. आम्ही राई हातीं घेण्यापूर्वींच दह्या नांवाचा आंबा वादळांत पडला. त्याच्या कोयी गांवकऱ्यांनीं हौसेनें लावल्या होत्या. त्यांचीं झाडें आज फळतात, परंतु एकाचेंही फळ दह्यासारखें नाहीं असें जुनीं माणसें सांगतात. दह्या गेला तो गेलाच. तेव्हां राखण म्हणजे पानांची सावली राखणें नव्हे. एक एक न फिरून मिळणारी वस्तु राखणें होय, आणि पुढील सर्व कष्ट त्यासाठीं आहेत.

पहिलें काम वहीचें. आमच्या जुन्या धंद्याची ही खोड आहे असें कोणी म्हणेल तर म्हणो. पाळीवरील एक पक्का दगड चिन्हाचा धरून तेथून प्रत्येक झाडाचें अंतर व दिशा लिहिली, झाडास क्रमांक दिला, आणि दरवर्षीं कार्तिकांत जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर फितीनें मोजून त्यापुढें मांडतों. घेर दोन तीन वर्षें मुळींच वाढला नाहीं तर झाड आंतून आजारी आहे असें समजून त्याकडे लक्ष द्यावें. पानें पिवळीं पडेपर्यंत वाट पाहूं नये. क्रमांकाची पत्र्याची चकती तारेनें फांदीस आवळून बांधण्याची रीत वाईट आहे. फांदी जाड होते, तार तशीच राहते, आणि चार वर्षांत फास बसतो. खोडांत खिळा ठोकला तर खोड तो गिळून टाकतें व पुढें करवतीचे दांत मोडतात. आम्ही क्रमांक रंगानें लिहितों व पुसट झाला म्हणजे गिरवतों.

सरकारी दप्तरांत राईची नोंद कोठें आहे हेंही पाहून ठेवावें. जुन्या बंदोबस्ताच्या वाजिब-उल-अर्जांत गांवच्या वहिवाटी लिहिलेल्या असतात, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत निस्तार पत्रकास कलम १६१ व वाजिब-उल-अर्जास कलम १६५ आहे. शेतांतील झाडांची नोंद सातबाऱ्यावर असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत बांधावरचीं झाडेंही शेतकऱ्यास स्वतः नोंदवितां येतात. हें पांच मिनिटांचें काम पुष्कळ लोक टाळतात आणि मग भाऊबंदकींत आंबा कोणाचा यावरून कचेरीचे उंबरे झिजवितात. अशा भांडणाचे कागद आम्हीं जन्मभर पाहिले. बहुतेकांत निकाल लागण्यापूर्वीं झाडच तोडलेलें असे.

आतां पाण्याविषयीं. आमच्या जिल्ह्यांत वर्षास सुमारें १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून झाडास पाण्याची वाण नाहीं, असा समज आहे. पण तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडून जातो. सिहार व बरडी जमिनींत ओल टिकत नाहीं. कन्हारांत टिकते, पण उन्हाळ्यांत भेगा पडून कोवळीं मुळें तुटतात, म्हणून तेथें पाण्यापेक्षां खुरपीनें भेगा बुजविण्याचें काम अधिक मोलाचें. नव्या रोपास पहिले तीन उन्हाळे राखावें लागतें. आम्ही प्रत्येक रोपापासून हातभर अंतरावर मातीचें साधें मडकें गळ्यापर्यंत पुरतों, बुडास लहान भोंक पाडून त्यांत चिंधीची वात घालतों, आणि तोंडावर झांकण ठेवतों. मडकें चौथ्या दिवशीं भरलें तरी चालतें. कुंभाराकडे भट्टींत वांकडीं झालेलीं मडकीं असतात तींही या कामास चांगलीं. झाड वाढेल तसतसें आळें बाहेर सरकवीत न्यावें. मोठ्या झाडाच्या बुंध्याशीं पाणी ओतणें हें पुण्य नव्हे, त्यानें साल कुजते. मुळांचीं तोंडें फांद्यांच्या टोकांखालीं असतात, पाणी तेथें द्यावें.

येथें एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. राज्यांत वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २०१६ सालीं दोन कोटी, २०१७ सालीं चार, २०१८ सालीं तेरा व २०१९ सालीं तेहेतीस कोटी असें उद्दिष्ट वाढत गेलें. हेतु उत्तम होता. परंतु जुलै महिना म्हणजे आमच्याकडे रोवणीचा. त्या वेळीं घरांतलें लेकरूंसुद्धां बांधींत असतें. रोप खड्ड्यांत बसतें, आणि मग महिना दीड महिना त्याकडे फिरकावयास माणूस नसतो; तेवढ्यांत तरोटा व गाजरगवत त्याच्या डोक्यावर जातें. आम्ही खड्डे वैशाखांत खणतों, रोप पहिल्या चांगल्या पावसाबरोबर, पऱ्हे टाकण्याच्या धांदलींतच, लावून घेतों, आणि बुंध्याभोंवतीं पाळापाचोळ्याचा वीतभर थर देतों म्हणजे रोवणी आटोपेपर्यंत तण दबून राहतें. शेळ्यांसाठीं बाभळीच्या काट्यांचा कठडा लागतोच. लोखंडी जाळ्या आम्हांस मिळाल्या होत्या. त्या रोपांच्या आधीं नाहींशा झाल्या.

मोठ्या झाडांचा खरा वैरी बांडगूळ होय. त्यास स्वतःचीं हिरवीं पानें आहेत, पण पाणी व क्षार तें आंब्याच्या फांदींतून ओढतें, आणि फांदीचें टोक हळूहळू वाळतें. आंबा बारमास हिरवा असल्यामुळें खालून पाहणाऱ्यास झाड भरघोस वाटतें. नीट पाहिलें तर निम्मा पाला परक्याचा असतो. फुलटोच्या नांवाचा चिमुकला पक्षी याचीं फळें खातो व चिकट बी फांदीवर पुसून टाकतो, तेथेंच तें रुजतें. म्हणून बांडगूळ काढावयाचें तें फळें पिकण्यापूर्वीं, आणि राईंतील सर्व झाडांवरचें एकदम. नुसतें ओरबाडून काढलें तर सालीखालीं राहिलेल्या मुळांतून पुन्हां फुटतें. फांदी लहान असेल तर गांठीच्या हातभर खालीं कापावी. जाड फांदीवर असेल तर गांठ तासून काढावी व दर वर्षीं फुटवा दिसतांच खुडावा. काढलेला पाला शेळ्या आवडीनें खातात, त्यामुळें या कामास गुराखी पोरें आनंदानें येतात. झाडावर मात्र त्यांस चढूं देऊं नये. कमरेस दोर बांधलेला जाणता माणूसच वर जावा.

फांदी कापणें हेंही शिकण्यासारखें काम आहे. प्रथम खालच्या अंगानें थोडी चीर द्यावी, मग थोडें पुढें वरून कापावें, म्हणजे फांदी पडतांना खोडाची साल सोलून नेत नाहीं. उरलेला खुंट मग, जेथें फांदी खोडास मिळते तेथील फुगवटा सोडून, कापावा. त्या फुगवट्यांतूनच जखम भरून येते. कुऱ्हाडीनें खोडालगत सपाट तासलेलें दिसतें छान, पण तेथें ढोली पडते. जखमेवर बोर्डोमलम लावतों. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर; दोन्ही वेगवेगळे भिजवून मग मिसळावे, आणि भांडें मातीचें किंवा प्लॅस्टिकचें घ्यावें, लोखंडी कदापि नको. मिश्रणांत विळा बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. हाच मलम पावसाळ्यापूर्वीं बुंध्यास तीन फुटांपर्यंत फांसावा. झाडांस तेली रंगाचे पट्टे ओढण्याची जी चाल पडली आहे ती छायाचित्रापुरती ठीक असेल. सालीस तिचा उपयोग नाहीं. खोडाच्या भोंकांतून भुसा पडूं लागला कीं भिरूड आंत आहे असें समजावें. तार घालून अळी मारावी, रॉकेलांत किंवा पेट्रोलांत भिजविलेला कापूस आंत सारून भोंक चिखलानें लिंपावें. वाळवीचें मात्र लोक उगाच भय घेतात. ती बहुधा मेलेली सालच खाते. मातीचा पापुद्रा झाडून टाकून खालीं जखम आहे काय एवढें पाहावें.

फाल्गुन-चैत्रांत आगीची धास्ती. मोहाचीं फुलें वेंचण्यास जमीन साफ असावी म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा पेटवितात, आणि वारा निघाला कीं आग राईभर धांवते. मोठीं झाडें तगतात, पण रोपें आणि बुंध्याची साल जळते. नुसती बंदी करून उपयोग नाहीं, कारण मोह हें पुष्कळ घरांचें त्या दोन महिन्यांचें उत्पन्न आहे. आम्हीं वेंचणाऱ्या बायांस खराट्यानें झाडून देण्याचें काम राईच्या खर्चानें अंगावर घेतलें, मोहाखालीं जुनीं लुगडीं पसरविलीं, आणि राईभोंवतीं दहा फूट रुंदीची जाळरेषा साफ केली. आग त्यानंतर दोनदां लागली. दोन्ही वेळीं ती रेषेपाशीं थांबली.

झाडें राखणाऱ्यास झाडें मारावींही लागतात. तुडुमाच्या दगडांत उगवलेला पिंपळ किंवा उंबर वीतभर असतांनाच, पावसानें सांधे मऊ झाले असतां, मुळासकट काढावा. पुढें तो पूज्य होतो, कोणी हात लावीत नाहीं, आणि तुडूम फुटतें. याबाबत गांवांत बोलणीं खावीं लागतात. तीं आम्ही खातों. मोठ्या झाडाची गोष्ट निराळी. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचींत आंबा, मोह, चिंच, जांभूळ हीं झाडें आहेत, तीं परवानगीवांचून तोडतां येत नाहींत.

हें सारें करावयास राखणदार लागतो व त्यास मजुरी लागते. फळबाग लागवडीच्या योजनांत अनुदान जिवंत झाडें पाहून मिळतें ही चांगली सोय आहे. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर योजनेंत तें तीन वर्षांत पन्नास, तीस व वीस टक्के असें विभागलें आहे. पण तीन वर्षांनंतर काय? आमच्या राईस कोणतेंच अनुदान नाहीं. आंबे, चिंच व जांभूळ यांचा लिलाव होतो आणि त्याचा निम्मा पैसा राखणदारास बांधून दिला आहे. तो ठराव ग्रामसभेंत होण्यास दोन वर्षें लागलीं. लिलावाच्या अटींत आम्हीं एक ओळ घातली कीं फळ झेल्यानें उतरवावें. मागें एका ठेकेदारानें बांबूनें झाडें झोडपलीं. कोवळे धुमारे मोडून पडले व पुढील वर्षीं मोहोर तुरळक आला. ही अट आल्यापासून बोली थोडी उतरली आहे, हें खरें.

आतां या पावसाळ्याचें काम. केळ्या आंबा पोकळ झाला आहे; वहींतील त्याचा घेर चार वर्षें एका जागीं आहे. त्याचीं कोय कलमें करून घ्यावयाचीं. रायवळाच्या ताज्या कोयी, खाल्ल्यापासून फार दिवस न ठेवतां, ओल्या रेतींत पेराव्या. दहा-पंधरा दिवसांच्या रोपाचीं पानें तांबूस असतांच कलम बांधावें. तीन-चार महिन्यांची, रोपाच्याच जाडीची काडी निवडून तिचीं पानें आठ दहा दिवस आधीं देठ ठेवून कापावीं, म्हणजे डोळा फुगतो. रोपाच्या शेंड्यांत चीर देऊन काडीची पाचर बसवावी व प्लॅस्टिकच्या पट्टीनें घट्ट बांधावी. खोबऱ्याचीं अशीं कलमें गेल्या वर्षीं साधलीं व तीन घरच्या परसांत लागलीं, कारण एकाच राईंत सर्व ठेवणें शहाणपणाचें नाहीं.

ज्या वाचकांच्या गांवीं असा नांवाचा रायवळ आंबा एकटा उरला असेल, त्यांनीं त्याचें नांव, गांव, खोडाचा घेर, फळाचा हंगाम व गुण इतकें लिहून या मासिकाकडे पाठवावें. काड्या आषाढ लागण्यापूर्वीं ओल्या फडक्यांत गुंडाळून पोंचल्या तर त्यांसाठीं आमच्याकडे रोपें तयार आहेत.