खोलीतल्या रोपाला वायूची बाटली कशाला?

कुंड्यांची हौस आता चाळीतल्या एका खोलीच्या संसारातही आली आहे. खिडकीच्या कठड्यावर पुदिना, कोरफड, कढीपत्ता दिसू लागला आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण हौसेबरोबर सल्लेही येतात. ‘साखर आणि यीस्टची बाटली कुंडीजवळ ठेवा, खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळा, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि रोप जोमाने वाढते,’ असे सांगितले जाते. माता-भगिनींनी साखरेचा डबा उघडण्यापूर्वी या सल्ल्यात तथ्य किती, ते तपासून पाहावे.

रोप हा वायू खाते हे खरेच आहे. बेल्जियमच्या व्हॅन हेलमाँट या संशोधकाने मोजून घेतलेल्या मातीत विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे १६४ पौंडांनी वाढले. माती मात्र दोनेक औंसच कमी झाली. झाड पाण्यानेच वाढले असे त्याला वाटले. पुढे १७७९ साली इंगेनहाउझने दाखवून दिले की, पानांचे हे काम उजेडातच चालते. आज आपल्याला ठाऊक आहे की, पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांकडून आलेले पाणी घेऊन, उजेडाच्या बळावर स्वतःचे अन्न तयार करते.

आता घरचा हिशेब करू. शंभर ग्रॅम साखर यीस्टने पूर्ण आंबवली तर सुमारे पन्नास ग्रॅम वायू निघतो. ८४ ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून ४४ ग्रॅम निघतो, तोही काही मिनिटांतच उडून जातो. उलट एक माणूस दिवसभरात श्वासावाटे साधारण एक किलो वायू सोडतो. म्हणजे शंभर ग्रॅम साखरेचे काम एक माणूस सव्वा तासात फुकट करतो! पाच माणसांच्या खोलीत तर या वायूचा तुटवडा असूच शकत नाही. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. दारे-खिडक्या बंद असलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीत तो हजाराच्याही वर जातो.

जास्तीचा वायू उपयोगी पडतो तो भरपूर उजेडाच्या बंद काचगृहात, किंवा माशांच्या टाकीतील पाणवनस्पतींना. आपल्या खोलीत उणीव असते ती उजेडाची. म्हणून कुंडी खिडकीशी सरकवा, पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, कुंडीत पाणी साचू देऊ नका. यात पैसा लागत नाही.

तरीही ही बाटली मुलांसाठी एकदा जरूर करा. पानाला लावायचा चुना वाटाण्याएवढा घेऊन पेलाभर पाण्यात ढवळा, झाकून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी अलगद दुसऱ्या पेल्यात ओता. प्लास्टिकच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत कोमट पाणी, चार चमचे साखर, चिमूटभर यीस्ट घाला. तोंडाशी नळी बसवून भोवती कणीक लिंपा आणि नळीचे दुसरे टोक निवळीत सोडा. बुडबुडे येऊ लागले की निवळी दुधासारखी होईल. मग दुसऱ्या पेल्यातल्या निवळीत मुलांना नळीने हळूच फुंकायला सांगा. तीही दुधाळ होईल. बाटलीतला वायू तोच, आपल्या श्वासातलाही तोच! मात्र निवळी ओढू देऊ नका, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आणखी काही पथ्ये पाळा. बाटलीला घट्ट बूच लावू नका, नळी दुमडू देऊ नका. वायू कोंडून बाटली फुटते. उरलेल्या पाण्यात मद्यार्क असतो. पंचशील पाळणाऱ्या घरात ते मोरीत ओतणेच योग्य. आणि वायूसाठी किंवा उबेसाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटती ठेवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच माणसाचा जीव जातो.

रात्री कुंडी घरात ठेवली तर माणूस गुदमरतो, ही समजूतही खोटी आहे. अंधारात रोपे थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतात खरे. पण दोन-चार कुंड्यांपेक्षा शेजारी झोपलेला माणूस तो कितीतरी अधिक सोडतो. पिंपळ चोवीस तास प्राणवायू देतो, हेही खरे नाही. अंधारात कोणतेच झाड प्राणवायू देत नाही. बोधिवृक्ष आपल्याला प्रिय आहे तो त्याखाली तथागतांना संबोधी प्राप्त झाली म्हणून. त्याच्या थोरवीला खोट्या आधाराची गरज नाही.

परंपरा आहे म्हणून किंवा थोरांनी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांचा कालामांना उपदेश होता. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे आपल्या संविधानाच्या कलम ५१-क मध्ये नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर वस्तीतल्या मुलामुलींना एकत्र बसवून हा प्रयोग करा. साखर चार चमचेच लागेल, पण ‘कशावरून?’ असे विचारण्याची सवय त्यांना जन्मभर पुरेल.