वेटोळ्याचे गणित

पेन ड्राइव्हसारखी एखादी वस्तू मुलाच्या दप्तरात सापडली, तर रागावण्याआधी आपण तिच्या आत डोकावू. तिला व्हेप म्हणतात. आत एक सेल, तारेचे वेटोळे, कापसाची वात आणि ग्लिसरीनसारख्या द्रवात मिसळलेले निकोटिन. डास पळवणाऱ्या द्रवाच्या यंत्रातही वात आणि तापक असतोच! बाहेर पडते ती निव्वळ वाफ नव्हे. ते द्रवाचे सूक्ष्म थेंब असतात.

मग साधे यंत्र आणि 'वरच्या दर्जाचे' यंत्र यांत फरक काय? शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. ३.७ व्होल्टचा सेल आणि १ ओहमचे वेटोळे घेतले, तर सुमारे १४ वॅट. रोध निम्मा केला की २७. थेंब वाढतात, द्रव तोच असेल तर निकोटिनही वाढते. फार तापल्यास ग्लिसरीनचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड बनते. दर्जा वाढतो तो एवढाच.

वर्ध्याच्या दुकानदाराने यांतले कोणते ठेवावे? कोणतेच नाही. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने विक्री, साठा, जाहिरात सगळ्यालाच बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यालाही १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्थात, बंदी असणे आणि वस्तू न मिळणे यांतला फरक दारूबंदीच्या या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. म्हणून आम्ही म्हणतो, वस्तू वर्गात आणू नका, गणित मात्र फळ्यावर करा. रोध पाव केला तर किती वॅट, हे मुले स्वतःच काढतील.