विजय चौधरी (कुस्तीगीर)

विजय चौधरी हे महाराष्ट्रातील जळगाव जिल्ह्याचे कुस्तीगीर आणि महाराष्ट्र पोलीस दलातील अधिकारी आहेत. इ.स. २०१४, २०१५ आणि २०१६ अशा सलग तीन स्पर्धांत त्यांनी महाराष्ट्र केसरी हा किताब जिंकला. त्यामुळे त्यांचा उल्लेख 'त्रिवार महाराष्ट्र केसरी' असा केला जातो. इ.स. २०२३मध्ये कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धेत त्यांनी १२५ किलो वजनगटात सुवर्णपदक मिळवले.

पार्श्वभूमी

चौधरी हे चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळी या गावचे आहेत. त्यांच्या घरात कुस्तीची परंपरा होती. त्यांचे वडीलही पहिलवान होते. खानदेशात गावोगावच्या यात्रांमध्ये कुस्त्यांचे फड भरतात आणि बहुतेक मल्लांची सुरुवात अशा फडांतूनच होते. मात्र राज्य पातळीवर पोहोचण्यासाठी आधुनिक गादी, तोडीचे सरावसोबती आणि पूर्ण वेळ वस्ताद लागतात. त्यासाठी ग्रामीण मल्लांना प्रायः कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागते. चौधरी यांनीही हाच मार्ग धरला. पुण्यात त्यांना हिंदकेसरी रोहित पटेल यांचे मार्गदर्शन लाभले. सराव पुण्यात होत असला, तरी महाराष्ट्र केसरी स्पर्धेत ते जळगाव जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करीत.

खानदेश आणि महाराष्ट्र केसरी

महाराष्ट्र केसरी स्पर्धेची सुरुवात इ.स. १९६१ साली औरंगाबाद येथे झाली आणि पहिला किताब दिनकर दह्यारी यांनी पटकावला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९६२ मध्ये, ही स्पर्धा धुळे येथे भरली. तेथे भगवान मोरे विजयी झाले. १९६६ची स्पर्धा जळगावात झाली आणि दीनानाथ सिंह यांनी ती जिंकली. १९७७ मध्ये स्पर्धा चाळीसगावला आली, परंतु त्या वर्षी किताबाचा निर्णय लागू शकला नाही. अशा प्रकारे खानदेशाने आरंभीच्या काळात या स्पर्धेचे यजमानपद अनेकदा भूषवले. चाळीसगावची स्पर्धा अनिर्णित राहिल्यानंतर ३७ वर्षांनी त्याच तालुक्यातील मल्लाने हा किताब जिंकला.

स्पर्धेचे स्वरूप

या स्पर्धेत गादी आणि माती असे दोन स्वतंत्र विभाग असतात. खुल्या, म्हणजे ८६ ते १२५ किलो, गटात दोन्ही विभागांचे विजेते ठरल्यावर त्यांच्यात अंतिम लढत होते. त्या लढतीच्या विजेत्यास महाराष्ट्र केसरी घोषित केले जाते आणि मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीयांकडून दिली जाणारी चांदीची गदा त्यास प्रदान केली जाते.

पारंपरिक फडातील निकाली कुस्तीत वेळेचे बंधन नसते. प्रतिस्पर्ध्याला चीतपट केल्याखेरीज, म्हणजे त्याची पाठ जमिनीला टेकवल्याखेरीज, विजय मानला जात नाही. गादीवरील आधुनिक कुस्तीचे गणित वेगळे आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजले जातात. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवल्यास दोन गुण आणि त्याला आखाड्याबाहेर ढकलल्यास एक गुण मिळतो. फ्रीस्टाइल प्रकारात दहा गुणांची आघाडी मिळताच कुस्ती थांबते. निष्क्रिय राहणाऱ्या मल्लालाही दंड होतो. त्यामुळे केवळ ताकद आणि दम यांवर अवलंबून राहता येत नाही. वेळ, गुण आणि डाव यांचा हिशेब सतत मनात ठेवावा लागतो.

कारकीर्द

चौधरी यांनी पहिला किताब इ.स. २०१४मध्ये अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे जिंकला. २०१५ची स्पर्धा नागपूर येथे झाली. तेथे त्यांनी अंतिम लढतीत विक्रांत जाधव यांचा पराभव करून किताब राखला. २०१६ची स्पर्धा पुण्यातील वारजे येथे झाली. त्या वेळी अंतिम फेरीत त्यांच्यासमोर पुण्याचे तरुण मल्ल अभिजित कटके होते. प्रतिस्पर्ध्याच्या घरच्या मैदानावर विजय मिळवून चौधरी यांनी सलग तिसरी गदा मिळवली. कटके यांनी पुढच्याच वर्षी भूगाव येथे महाराष्ट्र केसरी किताब जिंकला आणि २०२३ मध्ये ते हिंदकेसरी झाले. यावरून २०१६च्या अंतिम लढतीचा दर्जा लक्षात येतो.

चौधरी यांच्याआधी नरसिंग यादव यांनी २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये हा किताब सलग तीनदा जिंकला होता. गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार आणि चंद्रहार पाटील यांनी तो प्रत्येकी सलग दोनदा मिळवला होता. २०११ ते २०१६ या सहा वर्षांत मात्र केवळ दोनच मल्ल या किताबाचे मानकरी ठरले.

किताबांचा तपशील

• २०१४ – अहमदनगर
• २०१५ – नागपूर
• २०१६ – वारजे, पुणे

पोलीस सेवा

तिसऱ्या किताबानंतर, इ.स. २०१७मध्ये, महाराष्ट्र शासनाने विशेष बाब म्हणून चौधरी यांची पोलीस उपअधीक्षक पदावर थेट नियुक्ती करण्याचा निर्णय घेतला. नरसिंग यादव यांनाही यापूर्वी याच पदावर घेण्यात आले होते.

कुस्तीगीरांच्या दृष्टीने अशा नियुक्तीचे महत्त्व मोठे असते. संस्थानांच्या काळात मल्लांना राजाश्रय होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अनेक पहिलवानांना आश्रय दिला. संस्थाने विलीन झाल्यावर दूध, तूप, बदाम अशा खुराकाचा आणि तालमीतील निवासाचा खर्च कुटुंबावर किंवा फडांतील इनामावर येऊन पडला. मल्लाची उमेदीची वर्षे थोडी असतात. एखादी गंभीर दुखापत झाली, तर कारकीर्द आणि उत्पन्न दोन्ही एकाच वेळी थांबतात. यामुळे शासकीय नोकरी, विशेषतः पोलीस, सैन्य किंवा रेल्वेतील नोकरी, हाच बहुतेक मल्लांच्या दृष्टीने स्थैर्याचा मार्ग राहिला आहे.

या संदर्भात खाशाबा जाधव यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. इ.स. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे जाधव १९५५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक म्हणून सेवेत दाखल झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. ऑलिंपिक पदकानंतर त्यांना उपनिरीक्षकपद मिळाले, तर सहा दशकांनंतर राज्य किताबांच्या बळावर उपअधीक्षकपद मिळाले. या फरकातून खेळाडूंविषयीच्या शासकीय धोरणात झालेला बदल दिसून येतो.

आंतरराष्ट्रीय यश

जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडास्पर्धा दर दोन वर्षांनी भरते. तिची सुरुवात इ.स. १९८५मध्ये अमेरिकेतील सॅन होजे येथे झाली. पोलीस, अग्निशमन आणि तत्सम सेवांतील कर्मचारी तीत भाग घेतात. २०२३ची स्पर्धा विनिपेग येथे जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या आरंभी झाली. सेवेत असतानाही सराव चालू ठेवून चौधरी यांनी या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले.

महत्त्व

महाराष्ट्र केसरी हा राज्यातील कुस्तीचा सर्वोच्च मान असला, तरी तो ऑलिंपिक निवडीचा टप्पा नाही. खाशाबा जाधव यांच्यानंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. त्यामुळे राज्य पातळीवरील मानाचे रूपांतर आंतरराष्ट्रीय यशात कसे करावे, हा प्रश्न कुस्तीक्षेत्रात वारंवार चर्चिला जातो. या पार्श्वभूमीवर चौधरी यांच्या कारकिर्दीतून दोन गोष्टी पुढे येतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे आणि सोलापूर या परंपरागत कुस्तीपट्ट्याबाहेरचा मल्लही राज्यात सातत्याने वर्चस्व गाजवू शकतो, ही पहिली गोष्ट. नोकरीची हमी मिळाल्यास मल्लाची कारकीर्द अखेरच्या गदेपाशी संपत नाही, ही दुसरी.