बर्फ बाहेर, दूध आत : घरी करा पॉट आईस्क्रीम

परीक्षा संपल्या, गावाकडून पाहुणे आले आणि पुण्याचा पारा चाळिशीला टेकला, की मुलांचे एकच मागणे असते. घर येरवड्यात असो, दापोडीत असो की पर्वती पायथ्याला, पत्र्याच्या छताखाली दुपारी दोन वाजता पंखासुद्धा गरम वारा फेकतो. अशा वेळी घरच्या पाच-सहा मुलांना दुकानात नेऊन प्रत्येकाच्या हाती मस्तानीचा ग्लास द्यायचा म्हटला तर महिन्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून आम्ही आमच्या वाचक भगिनींना, आणि बंधूंनाही, जुन्या पॉटची आठवण करून देत आहोत.

लाकडी बादली, तिच्यात उभा राहणारा धातूचा डबा, डब्यात पात्यांची रवी आणि वर दातेरी चाकांना जोडलेला दांडा, एवढाच हा पॉट. हाताने फिरवायच्या अशा यंत्राचे पेटंट १८४३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतले होते. पुण्यातील दुकानांच्या पाट्यांवर 'पॉट आईस्क्रीम' असे लिहिलेले दिसते ते यावरूनच. पूर्वी गल्लीत एका घरी पॉट असला की तो उन्हाळाभर घरोघर फिरायचा. आता बहुतेक ठिकाणी तो माळ्यावर पडून असतो. नवा घ्यायचा असल्यास तुळशीबाग किंवा रविवार पेठेतील भांड्यांच्या दुकानांत चौकशी करावी. पण त्याआधी नात्यागोत्यात विचारावे, हे बरे.

यात विजेचे काम नाही. सारी करामत मिठाची आहे. नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो आणि साखर घातलेले दूध तर शून्याच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. बर्फात मीठ मिसळले की तो शून्याखालीच वितळू लागतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या डब्यातील दुधाकडून ओढून घेतो. प्रमाण बरोबर असेल तर बादलीतले तापमान उणे दहा अंशांच्याही खाली जाते. दांडा फिरवत राहावे लागते ते डब्याच्या कडेला धरणारा बर्फ रवीने खरवडून निघावा म्हणून. न फिरवता ठेवले तर दाताखाली खडे येतात. फिरवल्याने आत हवा मिसळते आणि आईस्क्रीम हलके होते.

एके काळी उन्हाळ्यात बर्फ दिसणे ही राजेरजवाड्यांची चैन होती. अकबराच्या दरबारात सोऱ्याने पाणी गार करीत, असे 'ऐन-ए-अकबरी'त नमूद आहे. १८३३ साली बोस्टनहून जहाजाने कलकत्त्याला बर्फ आला तोही मुख्यतः साहेब लोकांसाठी. आज बर्फाची लादी कोणालाही मिळते. मात्र ती कोणत्या पाण्याची आहे, हे विचारण्याची सवय अजून आपल्याला लागलेली नाही.

पॉटचा मोठा गुण आम्हाला इथेच दिसतो. त्यात बर्फ दुधाला शिवत नाही. कारखान्यातील पुष्कळसा बर्फ मासळी आणि इतर माल टिकवण्यासाठी असतो, तो पिण्याच्या पाण्याचाच असेल असे नाही. म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याचा बर्फ निळसर रंगाचा करावा, असा आदेश काढला. गोठल्याने रोगजंतू मरतात ही समजूतही चुकीची आहे. पुष्कळसे नुसते थिजून राहतात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण आढळले, तेव्हा पाण्याची काळजी साऱ्या पुण्याने केली. बर्फाची मात्र तेवढी कोणी केली नाही. १४ एप्रिलला मिरवणुकीच्या वाटेवर आपले कार्यकर्ते मोठ्या आपुलकीने सरबत वाटतात. त्यांनाही आमची विनंती आहे : लादी पिंपात सोडू नका. पिंप मोठ्या टबात ठेवून भोवती बर्फ रचा. सरबत तेवढेच गार होते.

आता कृती. दोन लिटर म्हशीचे दूध तळ जाड असलेल्या पातेल्यात आटवून सव्वा लिटर करावे. आटवल्याने दुधातील स्निग्धांश दहा टक्क्यांच्या आसपास जातो. बाजारातल्या काही डब्यांवर बारीक अक्षरात 'फ्रोझन डेझर्ट' असे छापलेले असते. त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेले असते. घरच्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असते. दूध आटत आले की पाव किलो साखर आणि थंड दुधात कालवलेले दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लॉवर घालून पाच मिनिटे ढवळावे. मग पूर्ण गार होऊ द्यावे. आंब्याचा दोन वाट्या रस त्यानंतरच मिसळावा, गरम दुधात घातल्यास दूध फाटते. हापूसच पाहिजे असा हट्ट नको. हंगामाच्या शेवटी पायरी स्वस्त होतो आणि त्याचा स्वाद आम्हाला तरी अधिक आवडतो. पुरंदरचे पिकलेले अंजीर मिळाले तर कुस्करून तेही घालावे. बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी जास्तीचे दूध आणतोच, त्याच दिवशी हा बेत जमतो.

डबा दोन तृतीयांशच भरावा, कारण आईस्क्रीम फुगते. चार किलो बर्फ गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडावा आणि बादलीत बर्फाचा एक थर, जाड्या मिठाचा एक थर असे रचत जावे. मीठ एक किलो लागते. बादलीच्या कडेचे भोक मोकळे आहे ना ते पाहावे, नाहीतर खारे पाणी झाकणापर्यंत चढून आत शिरते. दांडा आधी सावकाश, मग भराभर, असा वीस-पंचवीस मिनिटे फिरवावा. हे काम घरातील पुरुषांनी आणि मुलांनी करावे. दूध आटवताना चुलीपुढे उभी राहिलेली बाई पुन्हा दांड्यालाही जुंपली, तर घरच्या आईस्क्रीमचे कौतुक आम्ही कोणत्या तोंडाने करावे? दांडा फिरेनासा झाला की झाकण पुसून उघडावे, रवी काढावी, झाकण परत घट्ट लावून वर ताजा बर्फ व मीठ घालावे. गोणपाट पांघरून तासभर ठेवावे. रवीला चिकटलेले कोणी खायचे याचा वाद होतो. तो मुलांनीच मिटवावा.

पॉट नसेल तर कुल्फी करावी. तेच दूध आणखी आटवून, घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत भरून, झाकणाच्या फटी कणकेने बुजवाव्यात. कुल्फीवाले पत्र्याच्या साच्यांना असेच करीत आले आहेत. मडक्यात बर्फ-मीठ भरून डब्या त्यात खोचाव्यात आणि मडके अधूनमधून हलवावे. दोन-तीन तासांत कुल्फी धरते.

उरलेले खारे पाणी कुंड्यांत ओतू नये, झाडे जळतात. ते मोरीतच जाऊ द्यावे. पॉट त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवावा, नाहीतर दातेरी चाके गंजतात. बादली वाळून फळ्या सुटल्या असतील, तर पुढच्या खेपेला आदल्या रात्रीच तिच्यात पाणी भरून ठेवावे. लाकूड फुगते आणि फटी बुजतात.